आधी तारीख, मग डोंगर
(कोलोरॅडोतल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवा माणूस शिकारीला निघाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: म्यूल डिअर, म्हणजे इथल्या पश्चिमेतलं मोठ्या कानांचं हरिण, नक्की मिळेल कुठे? नकाशा समोर पसरतात, माझ्या हातात पेन देतात आणि म्हणतात, इथे एक गोल काढून द्या. मी गोल काढत नाही. मी विचारतो, तुमचा टॅग, म्हणजे एका हरणाच्या शिकारीची परवाना-चिठ्ठी, कोणत्या तारखांचा? काहींना वाटतं मी टाळतोय, आपली जागा सांगायची नाही म्हणून. तसं थोडं असेलही. पण खरं कारण वेगळं आहे. तारीख कळल्याशिवाय या प्राण्याचा पत्ता सांगताच येत नाही.

आषाढी वारीची पालखी कुठे भेटेल असं कुणी विचारलं तर आपण आधी तिथी विचारू. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, पण तिथी चुकली तर रस्ता रिकामा. या हरणाचं तसंच आहे. उन्हाळा उंचावर, हिवाळा खाली, आणि मधली वाट पिढ्यान्‌पिढ्या तीच.

वायोमिंगमध्ये हॉल सॉयर या संशोधकाने रेड डेझर्टमधल्या हरणांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले. तोवर समज असा होता की ही हरणं वर्षभर त्या वाळवंटातच राहतात. वसंत ऋतू आला आणि त्यातली बरीच उत्तरेकडे चालू लागली, ती थेट होबॅक खोऱ्यात जाऊन थांबली. जवळजवळ 240 किलोमीटर. हे 2014 साली जाहीर झालं तेव्हा वन्यजीव खात्यातले मुरलेले लोकही चकित झाले. पुढे त्याच कळपातली 255 क्रमांकाची मादी त्याहूनही लांब, आयडाहोतल्या आयलंड पार्कपर्यंत गेली. एका बाजूचं अंतर 242 मैल, म्हणजे 390 किलोमीटरच्या आसपास. पाडसं आईच्या मागून चालत ही वाट शिकतात आणि मोठेपणी सोडत नाहीत. एल्क हे दुसरं मोठं हरिण वाट बदलतं, नवं कुरण शोधतं. म्यूल डिअर हट्टी. वाटेत कुंपण आलं, गॅसची विहीर आली, तरी ते त्याच वाटेवर घुटमळतं. म्हणूनच या वाटांचं रक्षण हा पश्चिमेत इतका तापलेला विषय आहे. आणि म्हणूनच शिकाऱ्याने या वाटा माहीत करून घ्याव्यात. यूएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, 2020 पासून त्यांचे नकाशे प्रसिद्ध करतं. ते फुकट आहेत, आणि माझ्या मते पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही ॲपपेक्षा आधी तेच उघडावेत.

आता एक खरं उदाहरण घेऊ. डेन्व्हरहून गाडीने चार तासांच्या आसपास मीकर नावाचं गाव आहे, रिओ ब्लँको काउंटीत. 1901 च्या हिवाळ्यात थिओडोर रूझवेल्ट पर्वतसिंहाच्या शिकारीला तिथेच आला होता. मीकरच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्सचं उंच पठार, पश्चिमेला पीअन्स खोरं. मधून व्हाइट रिव्हर वाहते. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या स्थलांतरी कळपांपैकी एक कळप या दोन टोकांमध्ये ये-जा करतो. समजा, तुम्ही हा भाग आयुष्यात पाहिलेला नाही आणि तुम्हाला तिथे जायचं आहे.

सप्टेंबरची सुरुवात असेल तर मोठे नर अगदी वर असतात, दहा-अकरा हजार फुटांवर, जिथे झाडं विरळ होत जातात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्यांच्या शिंगांवरची मखमली कातडी गळते. तोवर नर तीन-चारच्या टोळीने उघड्या कुरणांत चरतात, अंगावर उन्हाळी तांबूस केस, दुर्बिणीतून लांबूनही उठून दिसतात. या दिवसांत टॅग बहुतेक धनुष्याचा, नाहीतर थोड्या युनिट्समध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांमध्ये, मिळणारा उंच डोंगरातला लवकरचा रायफल टॅग. ती मखमल एकदा गळली की हेच नर दाट झाडीत शिरतात, एकटे राहतात, आणि कालपर्यंत रोज दिसणारा नर आज जणू नव्हताच असं वाटतं. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला सगळ्यात कठीण वाटतो. हरिण वर आहे, पण दिसत नाही.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हालचाल सुरू होते. थंडी, खाणं संपत आलेलं, पहिलं बर्फ. हे हरिण बर्फात फार टिकाव धरत नाही. बर्फ गुडघ्याच्या वर गेलं, साधारण 45-50 सेंटिमीटर, की त्याला चालणंच अवघड होतं, त्यामुळे बरीचशी हरणं तेवढी वेळ येऊ देत नाहीत. रायफलच्या शिकारीचे ठरलेल्या तारखांचे सीझन क्रमाने येतात, त्यातला दुसरा याच सुमाराचा. त्या आठवड्यात फ्लॅट टॉप्सवर जायचं की पीअन्समध्ये थांबायचं? याचं उत्तर घरी बसून मिळत नाही. कोरडं वर्ष असेल तर हरणं मधल्या पट्ट्यात, आठ-नऊ हजार फुटांवर, ॲस्पेनच्या बनांत आणि झुडपांत रेंगाळतात. दोन दिवस नीट बर्फ पडलं तर वरचा भाग रिकामा होतो आणि खालच्या वाटा भरतात. म्हणून या सीझनसाठी उंचीच्या तीन टप्प्यांवर तीन वेगळ्या जागा काढून ठेवायच्या, आणि हवामान बघून आदल्या दिवशी ठरवायचं. एकाच जागेवर प्रेम करून बसलेला माणूस इथे हमखास रिकाम्या हाताने परततो.

नोव्हेंबरमध्ये चित्र पालटतं. माजाचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे जोर धरतो. सप्टेंबरपासून लपून बसलेले नर दिवसाउजेडी माद्यांच्या मागे फिरतात. तेव्हा नर शोधायचाच नाही, माद्या शोधायच्या. माद्या कुठे? पीअन्सच्या सेजब्रशमध्ये, पिन्यन आणि जुनिपरच्या बुटक्या झाडीच्या कडेला, दक्षिणेकडच्या उबदार उतारांवर. चौथ्या सीझनचे टॅग म्हणूनच इतके दुर्मिळ असतात. आणि हो, तिसरा सीझन अधूनमधून नेमका दिवाळीत येतो. त्याची घरी वाटाघाट आपापली करावी, त्यात मी मदत करू शकत नाही.

तर तारीख आधी का, हे लक्षात आलं असेल. आता टॅगकडे येतो.

कोलोरॅडोत 1999 पासून हरणाचा प्रत्येक टॅग ड्रॉमधून, म्हणजे सोडतीतूनच मिळतो. मुख्य अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, नेहमी पहिला मंगळवार. अर्जाआधी एक पात्रता परवाना विकत घ्यावा लागतो, आणि तो नसला तर अर्जच पुढे जात नाही. मुख्य ड्रॉनंतर दुसरा ड्रॉ असतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला उरलेल्या टॅगची यादी निघते. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे या खोलीतल्या सगळ्यांनाच. राज्यात सलग सहा महिने वास्तव्य झालं असेल तर तुम्ही रहिवासी धरले जाता, आणि रहिवासी व बाहेरचा यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे प्रेफरन्स पॉइंटची पद्धत आहे. टॅग लागला नाही तर एक पॉइंट मिळतो, जास्त पॉइंटवाला पुढे. आयडाहोत आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत, तिथे दर वर्षी सगळे एका रांगेत. पॉइंट साठवत वर्षानुवर्षं थांबणं मला पटत नाही. नामांकित युनिटचा टॅग मिळेपर्यंत लोक शिकार करतच नाहीत आणि मग तो मोलाचा टॅग घेऊन पहिल्यांदा डोंगरात उभे राहतात, हरिण कसं शोधायचं हे न शिकता. कमी पॉइंटवर मिळणारं साधं युनिट घ्या, दर वर्षी जा. कोणत्या युनिटला किती पॉइंट लागले, किती शिकारी गेले, किती जणांना यश आलं, हे सगळं कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, दर वर्षी छापतं. युनिट 22 म्हणजे पीअन्स, युनिट 24 म्हणजे व्हाइट रिव्हरच्या उगमाकडचा फ्लॅट टॉप्सचा भाग. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून, सीझननुसार वाचा. कॅलेंडर त्या आकड्यांतसुद्धा दिसतं.

यशाची टक्केवारी वाचताना एक सावधगिरी. 2022-23 चा हिवाळा वायव्य कोलोरॅडोत आणि पश्चिम वायोमिंगमध्ये फार कडक होता. हरणं मोठ्या प्रमाणावर मेली आणि सगळ्यात जास्त मेली ती पाडसं. खात्याने टॅगची संख्या भराभर कमी केली. आता हिशेब करा: त्या हिवाळ्यात जी पाडसं गेली, ती जगती तर 2025 च्या शरदात तीन वर्षांचे नर झाली असती. म्हणजे माद्यांची संख्या सावरली, एकूण आकडा वर गेला, तरी मधल्या वयाच्या नरांत एक पोकळी राहते. अशी पोकळी यशाच्या टक्केवारीत दिसत नाही. कोणत्याही नव्या भागाचा विचार करताना गेल्या पाच-सहा हिवाळ्यांची माहिती काढा, मग टॅग.

आता जो विषय आपल्या मंडळींना जास्त लागू पडतो. आपल्यातले बरेच जण एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत. केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं गुन्हा आहे. याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, हा क्रम पाळायचा. मित्राच्या गाडीत मित्राची रायफल आहे, मी फक्त सोबत आलोय, यावरही विसंबू नका. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा लेखी विचारा. त्याची फी ग्रीन कार्डाचा अर्ज अडकण्यापेक्षा स्वस्त पडेल. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. आणि धनुष्याला हा कायदा लागू होत नाही, त्यामुळे व्हिसावरचे काही जण सप्टेंबरचा धनुष्याचा सीझन निवडतात. अर्थात धनुष्याने चाळीस यार्डांच्या आत जावं लागतं. तो सोपा पर्याय नव्हे, वेगळा पर्याय आहे.

पुढचा भाग जमिनीचा. भारतातून आलेल्या माणसाला याची कल्पना यायला वेळ लागतो. तिथे 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंदच, त्यामुळे कुणाच्या जमिनीवर, कोणत्या हद्दीत, हा प्रश्नच उरला नाही. इथे एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे, 24 कोटी एकरांहून जास्त जमीन आहे, महाराष्ट्राच्या तिप्पट. शिवाय फॉरेस्ट सर्व्हिसची 19 कोटी एकर. ही जमीन तुमची-माझी आहे, तिथे चालायला कुणाची परवानगी लागत नाही. ऐकायला फारच छान. अडचण अशी की ही जमीन सलग नाही.

1862 च्या होमस्टेड कायद्याने लोकांना जमिनी दिल्या तेव्हा त्यांनी अर्थातच पाण्याकाठची, गवताची, सपाट जमीन घेतली. जी कुणी मागितली नाही ती कोरडी, खडकाळ जमीन सरकारकडे राहिली. म्हणून आज पीअन्समध्ये टेकड्या सरकारी आणि ओढ्याकाठचे तळ खासगी असं चित्र दिसतं. हरणाला दोन्ही हवं. ते दिवसा टेकडीवर लोळतं आणि रात्री खालच्या गवताच्या शेतात उतरतं. संध्याकाळी तीस हरणं कुंपणापलीकडे चरताना दिसतात आणि माणूस हात चोळत बसतो. अशा वेळी योजना त्या शेतासाठी नसावी. शेतापासून पहाटे वर कोणत्या घळीतून परततात, त्या घळीसाठी असावी. घळ सरकारी जमिनीत असली म्हणजे झालं.

कोलोरॅडोत खासगी जमिनीला पाटी किंवा कुंपण असलंच पाहिजे असं नाही. परवानगी घेणं ही शिकाऱ्याची जबाबदारी. ‘बोर्ड दिसला नाही’ हे उत्तर चालत नाही. राज्याच्या ट्रस्ट जमिनींचंही तसंच, प्रवेश योजनेत घेतलेल्या तेवढ्याच खुल्या. वायोमिंगमध्ये नियम निराळे: तिथे राज्याच्या जमिनीवर शिकार चालते, पण बाहेरच्या राज्यातल्या माणसाला वाइल्डरनेस क्षेत्रात, म्हणजे कायद्याने राखलेल्या रानात, मोठ्या प्राण्याची शिकार परवानाधारक गाइडशिवाय, किंवा स्थानिक रहिवासी सोबत्याने त्यासाठी फुकटचा खास परवाना काढल्याशिवाय, करता येत नाही. हा नियम शिकाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे असं सांगतात. तुमचा विश्वास बसला तर बसू दे.

दक्षिण वायोमिंगमध्ये आणखी एक भानगड आहे. रेल्वे बांधताना 1862 नंतर सरकारने युनियन पॅसिफिकला रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले. नकाशावर सगळा बुद्धिबळाचा पट. सरकारी चौकट सरकारी चौकटीला फक्त कोपऱ्यात टेकते. एका कोपऱ्यावरून पलीकडे पाऊल टाकलं तर खासगी जमिनीवरच्या हवेतून जाणं हा अतिक्रमणाचा गुन्हा होतो का? 2021 मध्ये मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ शिडी लावून असा कोपरा ओलांडला, खासगी जमिनीला पाय न लावता. ज्युरीने त्यांना 2022 मध्ये निर्दोष सोडलं. जमीनमालकाने दिवाणी दावा लावला, त्यातही 2025 च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे इथल्या काही राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. निकालाला आधार कोणता, तर 1885 चा कायदा, गुरांच्या मोठ्या मालकांनी सरकारी जमिनीभोवती कुंपणं घातली म्हणून केलेला! पण हा निकाल त्या सर्किटमधल्या राज्यांपुरता आहे. मोंटानात तो लागू होत नाही. आणि कोपरा ओलांडायचा तर तो खुणेने निश्चित झालेला हवा. फोनवरचा निळा ठिपका दहा-पंधरा फूट इकडेतिकडे असतो, तेवढ्यात तुम्ही खासगी जमिनीत उभे असू शकता.

एवढं झाल्यावर नकाशावरचं काम मजेचं आहे. उन्हाळ्यात चार संध्याकाळी पुरतात. आधी वन्यजीव खात्याचे हिवाळी कुरणांचे, उन्हाळी कुरणांचे, स्थलांतराचे थर एकावर एक ठेवा. तुमच्या तारखेला हरिण यातल्या कोणत्या थरात असायला हवं ते ठरवा आणि बाकीचा नकाशा डोळ्यांआड करा. युनिटचा मोठा भाग इथेच गळून पडतो. मग फॉरेस्ट सर्व्हिसचा वाहनांच्या रस्त्यांचा अधिकृत नकाशा घ्या. ॲपमध्ये दिसणारा प्रत्येक रस्ता गाडीला खुला नसतो. मोकळे रस्ते रंगवले की त्यांच्यापासून लांबचे तुकडे आपोआप दिसू लागतात. बहुतेक शिकारी गाडीपासून फार दूर जात नाहीत, हे खरं. पण त्यावरून ‘जितकं लांब तितकं चांगलं’ असा जो निष्कर्ष काढतात, तो मला अर्धाच पटतो. हमरस्त्याच्या कडेचा, कुणालाच महत्त्वाचा न वाटणारा चढाचा एखादा तुकडाही हरणाला पुरतो, कारण तिथे कुणी थांबत नाही. सगळे त्याच्यासमोरून गाड्या हाकत लांब जातात.

नंतर खाणं बघा. म्यूल डिअर हे गुरांसारखं गवत चरणारं जनावर नाही, त्याचं पोट त्या कामाचं नाही. त्याला कोवळे शेंडे, पानं, झुडपं लागतात: बिटरब्रश, माउंटन महॉगनी, सर्व्हिसबेरी, हिवाळ्यात सेजब्रश. वणवा लागून गेलेली जागा यासाठी चांगली असते, पण सरसकट नव्हे. उंचावरचं ॲस्पेनचं बन जळलं तर तीन-चार वर्षांत खालून नवी फूट येते आणि हरणं तिथे धावतात. खालचं सेजब्रश जळलं तर बऱ्याचदा चीटग्रास नावाचं परकं गवत माजतं, आणि ते कुरण पुढची कित्येक वर्षं हिवाळ्यात निरुपयोगी होतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये मीकरच्या परिसरात ली फायर नावाच्या वणव्याने लाखाहून जास्त एकर जाळले. त्या भागात जाणाऱ्याने नुसती जळाल्याची हद्द बघू नये. कोणत्या उंचीवर काय जळलं ते बघावं.

मग फोन. प्रत्येक भागाचा वन्यजीव अधिकारी असतो, जीवशास्त्रज्ञ असतो. जून-जुलैमध्ये फोन करा, सीझनच्या आदल्या आठवड्यात नको, तेव्हा ते बिचारे रोज शंभर जणांना तेच सांगत असतात. ‘हरणं कुठे आहेत’ विचारलंत तर ‘सगळीकडे आहेत’ असं उत्तर येईल, आणि ते बरोबर आहे. आपला अभ्यास समोर ठेवून नेमकं विचारा: अमुक धारेवरून हरणं उतरतात ती पहिल्या बर्फाला की दुसऱ्या? गॅसच्या कामामुळे कोणता रस्ता यंदा बंद आहे? मेंढपाळाचा कळप त्या पठारावर कधीपर्यंत असतो? असा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस खुलतो. माझा अनुभव असा की आपले उच्चार ऐकून क्षणभर शांतता पसरते, आणि मग ते दुप्पट वेळ देतात.

प्रत्यक्ष जाताना सीझनच्या दोन दिवस आधी पोचा. बंदूक गाडीतच राहू द्या. मीकर सहा हजार फुटांवर, फ्लॅट टॉप्समधलं ट्रॅपर्स लेक हे तळं साडेनऊ हजारांच्या वर. डेन्व्हरकरांना फार त्रास होणार नाही, पण ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्या मित्राला पहिल्या दिवशी डोकं दुखेल, त्याला त्या दिवशी चढवू नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या. वर फोन लागत नाही.

पहाटे उजाडायच्या आत अशा धारेवर बसा जिथून समोरचा उतार पूर्ण दिसेल आणि सूर्य तुमच्या पाठीमागून येईल. दुर्बीण ट्रायपॉडवर लावा. हातातल्या दुर्बिणीने माणूस पाहतो, ट्रायपॉडवरच्या दुर्बिणीने शोधतो. अख्खं हरिण शोधू नका. झुडपांच्या उभ्या रेषांमध्ये पाठीची आडवी रेघ, कानाची हालचाल, पांढरा पार्श्वभाग, काळ्या टोकाची शेपटी, असे तुकडे दिसतात. साडेआठ-नऊला ती सावलीत बसतात, आणि तेव्हा बहुतेक शिकारी न्याहारीला उठतात. बसून राहा. सूर्य सरकला की सावली सरकते, आणि दहा-अकराच्या सुमाराला हरिण उठून सावलीत जागा बदलतं. तो मिनिटभराचा अवधी पुष्कळदा सगळ्या सकाळपेक्षा जास्त देऊन जातो.

वाऱ्याचं गणित मात्र पाठच हवं. पहाटे थंड हवा उतारावरून खाली घसरते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. नऊच्या सुमाराला हवा उलटते, त्या वेळी हरणाकडे सरकायला निघालात तर तुमचा वास तुमच्या आधी पोचेल. हवा स्थिर वर वाहू लागेपर्यंत थांबा आणि मग वरच्या बाजूने उतरा. घाबरलेलं म्यूल डिअर चारही पाय एकदम उचलून उड्या मारत चढाकडे जातं, आणि पुष्कळदा धारेवर थांबून एकदा मागे वळून बघतं. तेवढ्यावर विसंबून लोक लांबची गोळी घालतात. पाचशे-सहाशे यार्डांचे व्हिडिओ बघून आलेल्यांना माझं सांगणं आवडत नाही, तरी सांगतो: रेंजवरच्या बाकावरून नव्हे, जमिनीवर बसून, धाप लागलेली असताना, ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या गोळ्या ताटलीएवढ्या जागेत पडतात, ते तुमचं अंतर. त्यापलीकडे नुसतं बघायचं. कोलोरॅडोत रायफलच्या सीझनला अंगावर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्याला त्याच रंगाचं काही तरी लागतं. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, काळजी नको.

हरिण पडलं की योजनेचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, आणि तो बहुतेकांनी केलेलाच नसतो. टॅग तिथेच सही-तारीख घालून लावायचा. पूर्ण वाढलेल्या नराचं हाडं काढलेलं मांस साधारण 30-35 किलो भरतं. गाडीपासून पाच किलोमीटरवर, दोन हजार फूट खाली उतरून मारलेलं हरिण म्हणजे एकट्या माणसाला दोन खेपा. म्हणून नकाशावर जागा निवडतानाच तिथून मांस बाहेर कसं निघेल हे ठरवा. सप्टेंबरमध्ये ऊन असतं, मांस तासाभरात कातड्याबाहेर काढून सावलीत, जाळीच्या पिशवीत टांगलं पाहिजे. नर-मादी ओळखण्याची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवावी लागते, सगळं साफ करून टाकू नका. आणि शिंगं घेऊन मांस टाकून जाणं हा कोलोरॅडोत फेलनी दर्जाचा, म्हणजे गंभीर, गुन्हा आहे. कायद्यातलं हे माझं सगळ्यात आवडतं कलम.

शेवटचा विषय, सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. मेंदू सडवणारा, प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे, होणारा हरणांचा रोग. तो पहिल्यांदा 1967 मध्ये लक्षात आला तो आपल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये. आता तो कितीतरी राज्यांत पसरलाय. माणसाला झाल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असं सीडीसी ही केंद्रीय आरोग्य संस्था सांगते. हरिण बाहेरून धडधाकट दिसत असतानाही बाधित असू शकतं, आणि शिजवून प्रायॉन मरत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी. काही युनिट्समध्ये तपासणी सक्तीची असते, तिथे डोकं केंद्रावर नेऊन द्यावंच लागतं. सक्ती नसली तरी द्या. मेंदू आणि मणका डोंगरातच वेगळे करा, कारण पुष्कळ राज्यं ते हद्दीत आणूच देत नाहीत. मांस कापायला दुकानात देणार असाल तर आधी विचारा की माझं हरिण वेगळं कापणार की चार जणांचं एकत्र खिम्यात जाणार. एकत्र म्हणाले तर दुसरं दुकान बघा. आणि अहवाल येईपर्यंत पाकिटांवर टॅगचा क्रमांक लिहून ती फ्रीझरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा, शेजाऱ्यांना वाटायची घाई करू नका.